पायथनचा कोर्स काढायचा का? ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२५, कराड

पुण्यातला जुना सहकारी आज येऊन गेला. प्रस्ताव सरळ आहे. नवशिक्यांसाठी मराठीतून पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचा कोर्स काढायचा. शिकवायचं मी, चित्रीकरण आणि संपादन त्याने करायचं, उत्पन्न निम्मं निम्मं. चाळीसेक व्हिडिओ, जानेवारीत बाजारात. त्याचं म्हणणं असं की हिंदीत या विषयाचा पूर आलाय, मराठीत अजून जागा आहे, आणि दुसरं कुणी ती व्यापण्याआधी आपण उतरलं पाहिजे.

विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि मग एकदम इंग्रजीतून कॉम्प्युटर सायन्स, हा रस्ता मी चालून आले आहे आणि कराड-पाटण भागातली मुलं आजही तोच चालतात. त्यामुळे 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. तरी थांबले. नोव्हेंबरअखेर काय ते नक्की सांगते, असं त्याला म्हटलं.

तोवर तीन गोष्टींचा छडा लावायचा. हा कोर्स नेमका कोण घेणार? तो माणूस आज कशावर शिकतोय? आणि तिथे त्याचं कुठे अडतंय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हाती लागलं नाही तर कोर्स करायचा नाही, हे आत्ताच लिहून ठेवते.

८ ऑक्टोबर

बाजार धुंडाळला. हार्वर्डचा सीएस५० हा कॉम्प्युटर सायन्सचा कोर्स घरबसल्या फुकट बघता येतो आणि डेव्हिड मालन शिकवतात ते बघत बसावंसं वाटतं. फ्री कोड कॅम्प २०१४ पासून आहे, तेही फुकट. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सांच्या मंचावर आयआयटी रोपारच्या सुदर्शन अय्यंगार यांचा पायथनचा बारा आठवड्यांचा कोर्स आहे. शिकायला पैसे नाहीत, परीक्षेला बसायचं तर हजार रुपये, आणि प्रमाणपत्र मिळतं ते एनपीटीईएलचं. हिंदीत कोड विथ हॅरी आहे, अपना कॉलेज आहे. इथली मुलंही हेच बघतात. २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हापासून डेटाची चिंता राहिलेली नाही, आणि हिंदी कळतं सगळ्यांनाच.

मराठीत मैदान मोकळं आहे, हेही तितकंसं खरं नाही. मुंबई आयआयटीत प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी उभ्या केलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत आणि त्यांतले बरेच मराठी आवाजात आहेत. सी आणि सी++ या प्रोग्रामिंगच्या भाषांची मालिकासुद्धा. आज त्यातले काही धडे पुन्हा ऐकले. काम नीट केलंय. बोलणारा सावकाश बोलतो, पडद्यावर जे दिसतं तेच सांगतो, पाल्हाळ लावत नाही. अर्ध्या पडद्यावर धडा आणि अर्ध्या पडद्यावर आपलं काम, अशी ती पद्धत आहे. म्हणजे ती कॉम्प्युटरसमोर बसलेल्या विद्यार्थ्यासाठी आखलेली आहे. सीचे धडे उबंटू या प्रणालीवर, टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, जीसीसी हा कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारं साधन) चालवून दाखवलेत.

शिवाय २०२१ मध्ये एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकीची वाट मोकळी केली आणि पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. म्हणजे मराठीतून हा विषय शिकवणारी मी काही पहिली असणार नाही. शिकवणाऱ्यांची वाण कुठेच नाही.

या सगळ्यात एमएस-सीआयटी हा संगणकाच्या तोंडओळखीचा कोर्स डोक्यातून जात नाही. तो चालवणारं एमकेसीएल २००१ साली स्थापन झालं आणि पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांत केंद्रं उघडली गेली. सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागायचं हे मोठं कारण होतंच. पण माझ्या आईने चाळिशी उलटल्यावर तो कोर्स केला तो केंद्रातल्या मुलीच्या जिवावर. माऊस पकडलेला हात थरथरायला लागला की ती मुलगी शेजारी येऊन उभी राहायची. आईच्या तोंडून आजही तिचं नाव निघतं. धड्यांमधलं काय आठवतं, ते विचारायला नको.

१२ ऑक्टोबर

पैशांचा हिशेब, थोडक्यात. युडेमी या कोर्स विकणाऱ्या संकेतस्थळावर कोर्स ठेवला आणि त्यांच्या शोधातून गिऱ्हाईक आलं तर शिकवणाऱ्याला ३७ टक्के मिळतात. आपल्या स्वतःच्या कूपनवरून आलं तर ९७ टक्के. किंमत काहीही लावा, सवलतीच्या दिवसांत ती चार-पाचशे रुपयांवर येते आणि सवलतीचे दिवस बारमाही असतात. ४४९ रुपयांचे ३७ टक्के म्हणजे साधारण १६६ रुपये. कर वगैरे बाजूला ठेवले, तरी चित्रीकरण-संपादनाचा त्याने सांगितलेला दीड लाख खर्च भरून निघायलाच नऊशेच्या वर विक्री व्हायला हवी. त्यानंतर निम्मं निम्मं.

आपल्या कूपनवर विकायचं तर आपला श्रोतृवर्ग आधी हवा. तो उभा करायला वर्ष-दोन वर्षं फुकट शिकवावं लागेल. म्हणजे पैशांच्या बाजूने बघितलं तर हा धंदा शिकवण्याचा कमी आणि जाहिरातीचा जास्त आहे. त्यात मला रस नाही. सहकाऱ्याला आहे, आणि त्यात वावगं काही नाही.

१९ ऑक्टोबर

दिवाळीला भाऊ-वहिनी ढेबेवाडीहून आलेत. भाची यंदा बीसीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीच्या, पहिल्या वर्षाला आहे. रोज एसटीने कॉलेजला जाते. सगळे फराळाला बसले आणि ही माडीवर मोबाईल घेऊन. वर गेले तर रडवेली झालेली.

"आत्या, हाच प्रोग्राम कॉलेजात चालतो. मोबाईलवरच का चालत नाही गं?"

प्रोग्राम सरळव्याजाचा, सी भाषेतला; पहिल्या सत्रात तीच शिकवतात. जर्नलमधून अक्षर न् अक्षर बघून ऑनलाइन कंपायलरमध्ये टाकलेला. खाली लाल अक्षरांत: कोनिओ डॉट एच, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. तिने त्याचा अर्थ असा लावला होता की मोबाईलमध्ये एक फाइल कमी आहे आणि ती डाउनलोड करायला हवी. त्यासाठी तिने कुठकुठली ॲप घेतली होती. जागा संपली म्हणून फोटो उडवले होते.

मी काहीच सांगितलं नाही. तिलाच विचारलं, "वरची ही कोनिओची ओळ कशासाठी आहे?" म्हणाली, "ती असतेच वरती." मग ती ओळ तिने काढून बघितली. आता दुसरी लाल ओळ आली: सीएलआरएससीआर, नॉट डिक्लेअर्ड इन धिस स्कोप. पडदा पुसायची ओळ. "ही काढून चालेल?" तिने असं विचारलं की जणू देव्हाऱ्यातली मूर्ती हलवायची आहे. काढली. शेवटचं, कळ दाबेपर्यंत थांबवणारं गेटसीएच काढलं. तरी एक राहिलं, कारण कंपायलरवर भाषा सी++ निवडलेली होती आणि तिथे प्रोग्रामच्या सुरुवातीला व्हॉइड मेन चालत नाही, इंट मेन लागतं. ते बदलल्यावर चाललं. मुद्दल, दर, मुदत विचारली आणि व्याज सांगितलं.

तिने ते पुन्हा पुन्हा चालवलं, वेगवेगळे आकडे घालून. मग म्हणाली, "मला वाटलं होतं मलाच डोकं नाही. बाकीच्यांना जमतंय."

बाकीच्यांनाही जमत नसणार. आठवड्यात प्रॅक्टिकलला मिळतात ते मोजके तास, एका मशीनवर दोघी-तिघी, आणि घरी फक्त मोबाईल. लॅबमधला प्रोग्राम घरी चालत नाही, का चालत नाही ते सांगायला कुणी नाही, आणि पोरगी निष्कर्ष काढते स्वतःच्या डोक्याबद्दल. याचा मला राग येतो. कुणा एकाचा नाही, पण येतो.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजनाच्या गडबडीतही तेच डोक्यात. लॅबमधलं टर्बो सी (तिथला जुना कंपायलर) आणि मोबाईलवरच्या ऑनलाइन कंपायलरमागचं जीसीसी यांत पहिल्या वर्षाच्या मुलाला कुठे कुठे ठेच लागेल, ते मांडून बघितलं.

सीची भाषा डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास घडवली आणि तिचं अमेरिकी प्रमाणीकरण १९८९ साली झालं. कोनिओ डॉट एच त्या प्रमाणीकरणात कधीच नव्हतं. ते डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरच्या कंपायलरांचं. बोरलँडचं टर्बो सी++ ३.० हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं, सोळा-बिटी दुनियेतलं. आजच्या चौसष्ट-बिटी विंडोजवर ते थेट चालतच नाही, डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉसचं सोंग घेणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवावं लागतं. त्याचा निळा पडदा बघून मुलांना वाटतं की हीच सी. आणि नवी फाइल उघडली की नाव मिळतं नोनेम झिरो झिरो डॉट सीपीपी, म्हणजे मुलं सी म्हणून जे लिहितात ते तिथे सी++ म्हणून कंपाइल होत असतं.

इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, दोन बाइटचा, असं नोट्समध्ये असतं. टर्बो सीमध्ये तो दोनच बाइटचा आहे, तीस हजारांत दहा हजार मिळवले की उत्तर उणे पंचवीस हजार पाचशे छत्तीस येतं. तोच प्रोग्राम मोबाईलवर चाळीस हजार दाखवतो, कारण तिथे इंट चार बाइटचा. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. हे नीट समजावलं तर मेमरी म्हणजे काय ते एका उदाहरणात कळेल. समजावलं नाही तर पोरं 'मोबाईलवर चुकीचं येतं' म्हणून मोकळी.

स्कॅनएफमध्ये, म्हणजे आकडा वाचून घेणाऱ्या ओळीत, अँडचं चिन्ह विसरलं तर जीसीसीचा प्रोग्राम सहसा सेगमेंटेशन फॉल्ट म्हणून जागीच आडवा होतो. डॉसमध्ये मेमरीला राखण नाही, त्यामुळे टर्बो सीत तो बऱ्याचदा मुकाट्याने पुढे जातो आणि भलताच आकडा छापतो. मला विचाराल तर आडवं होणं शिकणाऱ्याला परवडतं. भलता आकडा छापला गेला की चूक शोधायला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

आणि अर्धविरामाची चूक. टर्बो सी 'स्टेटमेंट मिसिंग' म्हणतं आणि पट्टी उमटते पुढच्या ओळीवर. मुलं त्या पुढच्या ओळीकडे टक लावून बसतात, ती बिचारी निर्दोष असते. कंपायलर वाचत वाचत पुढे गेला आणि जिथे त्याला पटेना तिथे थांबला. चूक त्याच्या मागे राहिली. एवढं एक वाक्य सांगितलं तर कितीतरी तास वाचतील.

यातलं काहीही ८ तारखेला बघितलेल्या कोर्सांमध्ये नाही. असायचं कारणही नाही. सीएस५०ला टर्बो सीशी काय देणंघेणं?

२७ ऑक्टोबर

ओळखीच्या एका सरांशी बोलले. जवळच्याच कॉलेजात प्रॅक्टिकल घेतात. टर्बो सी अजून का, असं सरळ विचारलं. त्यांचं उत्तर ऐकून मी माझं मत थोडं बदललं.

"मॅडम, मशिनं जुनी आहेत. नेट येतं-जातं. टर्बो सी पेनड्राइव्हवरून टाकलं की झालं. कंट्रोल एफ नाइन दाबा, प्रोग्राम चालतो. ऑल्ट एफ फाइव्ह दाबा, आउटपुट दिसतं. मदत हवी तर कंट्रोल एफ वन. टर्मिनल म्हणजे काय ते समजावण्यात महिना घालवू का सी शिकवू? आणि परीक्षेला बाहेरचे सर येतात, त्यांनाही हेच ओळखीचं."

यात तथ्य आहे. छोटं, एका खोलीत मावणारं, नेटशिवाय चालणारं साधन नवशिक्याला चांगलंच. बदलायचं असेल तर ते कॉलेजने आणि विद्यापीठाने बदलायचं. मुलांच्या डोक्यावर बसून मी 'टर्बो सी टाकाऊ आहे' असं शिकवलं तर प्रॅक्टिकलला त्यांचेच गुण जातील. म्हणजे जे काही करायचं ते दोन्हीकडे चालणारं हवं. लॅबमध्ये हे लिहा, घरी हे बदला, आणि का बदललं ते कळून घ्या.

सरांना विचारलं, पहिल्या सत्रात मुलं नेमकी कधी गळतात? "लूप आला की." लूप म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणं. त्याच्या आधी काय होतं, ते मात्र त्यांना सांगता आलं नाही. साठ मुलांच्या तुकडीत एकेकाचं बघणार कसं?

२ नोव्हेंबर

अभ्यासिकेच्या काकांनी रविवारी दुपारी मागची खोली दिली. भाची मैत्रिणींना घेऊन आली, काही मुलगे आले. शिकवायचं नाही, फक्त बघायचं, असं ठरवून गेले होते. फार जड गेलं ते.

फळ्यावर चार ओळी लिहिल्या. ए मध्ये पाच. बी मध्ये ए. मग ए मध्ये नऊ. बी छापा. काय येईल? अर्ध्याहून जास्त जणांनी नऊ सांगितलं, आणि ठामपणे. त्यांच्या मते 'बी बरोबर ए' म्हणजे दोघांचं कायमचं नातं जुळलं. ए बदलला की बी बदलणारच. सहावीपासून गणितात बरोबरच्या चिन्हाने हेच शिकवलंय, मग मुलांचं काय चुकलं? प्रोग्राममध्ये ते चिन्ह म्हणजे 'उजवीकडची किंमत आत्ता काढ आणि डावीकडच्या जागी ठेव' एवढंच. नंतर कोणी कुणाला बांधील नाही.

हे अडलेलं असताना लूप शिकवला की काय होणार? 'आय बरोबर आय अधिक एक' ही ओळ गणिताच्या नजरेने बघितली तर चक्क खोटी आहे. मुलं ती पाठ करतात. सर म्हणतात लूप आला की गळतात. गळती त्याच्या कितीतरी आधी लागलेली असते.

बेनेडिक्ट दु बुले या संशोधकाने १९८० च्या दशकात यावर लिहून ठेवलंय: प्रोग्राम शिकणाऱ्याच्या मनात यंत्राचं एक चित्र लागतं, ओळ चालली की आत काय हलतं त्याचं. ते चित्र कुणी घडवलं नाही तर विद्यार्थी आपलं आपण घडवतो, आणि ते बहुधा चुकीचं असतं. आज ते डोळ्यांनी बघितलं.

दुसरा प्रयोग कागदाच्या पट्ट्यांचा. सरासरी काढायच्या प्रोग्रामच्या ओळी एकेका पट्टीवर लिहून, पट्ट्या पिसून दिल्या, क्रमाने लावा. न्यूझीलंडमधल्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ साली अशा कोड्यांवर निबंध लिहिला, तेव्हापासून ही कोडी पार्सन्सची म्हणून ओळखली जातात. खोलीत एकदम गलका झाला. "अगं, आधी टोटल शून्य कर ना, मग मिळव!" "लूपच्या आत शून्य केलीस तर दरवेळी पुसली जाईल!" एकही शब्द न बोलणाऱ्या मुलीने पट्टी उचलून लूपच्या बाहेर ठेवली आणि सगळे तिच्याकडे बघायला लागले.

एक गोष्ट लगेच ध्यानात आली. मोबाईलवर महिरपी कंस टाइप करायला चिन्हांच्या दुसऱ्या पानावर जावं लागतं, अर्धविरामालाही अक्षरं सोडून चिन्हांच्या पानावर. पाच ओळींचा प्रोग्राम टाइप करण्यात जीव जातो आणि विचार बाजूला राहतो. पट्ट्या सरकवायला टाइप करावं लागत नाही. ज्याच्या हातात फक्त मोबाईल आहे त्याच्यासाठी ही कोडी मुद्दाम घडवल्यासारखी आहेत.

६ नोव्हेंबर

सहकाऱ्याचा फोन. सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि मग म्हणाला, "अगं, पण सी कोण विकत घेणार? लोक नोकरीसाठी शिकतात. नोकरीच्या जाहिरातीत पायथन असतं."

बरोबर आहे त्याचं. सी कोणी विकत घेणार नाही. पायथन नवशिक्याला सोपी आहे हेही मला मान्य आहे, कॉलेज ठरवायची मुभा असती तर मीही तीच निवडली असती. पण या मुलांची पहिली भाषा मी ठरवत नाही. ती अभ्यासक्रमाने ठरवून टाकलीय. पहिल्या सत्रात सीत नापास झालेली मुलगी पुढे पायथनच्या कोर्सला येतच नाही. ती एटीकेटी घेऊन, म्हणजे विषय मागे ठेवून, बसते आणि घरचे म्हणतात, कॉमर्सला गेली असती तर बरं झालं असतं.

मग तो म्हणाला, चाळीस व्हिडिओ फुकट टाकू, नाव होईल. यावर मी त्याला एक आकडा सांगितला. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन कोर्सांचा अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. २०१७-१८ साली नोंदणी केलेल्यांपैकी ३.१३ टक्के लोकांनी कोर्स पुरा केला. शिकवणारे जगातले नावाजलेले, साधनं उत्तम, तरीही. तिथले बरेच जण नुसते डोकवायला आलेले असतात हे खरं, पण पहिल्या वर्षाची मुलं डोकवायला आलेली नाहीत. त्यांना डिसेंबरात पेपर आहे.

१४ नोव्हेंबर

अभ्यासिकेत पुन्हा बसलो. यावेळी तक्ता. डावीकडे ओळीचा क्रमांक, पुढे आय, टोटल, पडद्यावर काय छापलं. एकेक ओळ बोटाने चालवायची आणि खाने भरायचे. कंटाळवाणं आहे, पण मुलं कंटाळली नाहीत, कारण कुणाची टोटल पंधरा येत होती, कुणाची दहा, आणि कोण बरोबर यावर पैजा लागल्या. फरक सापडला तो 'पेक्षा कमी' आणि 'पेक्षा कमी किंवा बरोबर' यांत.

समजावणं मराठीतून, पेपर इंग्रजीत. ही अडचण खरी आहे. यावर मला एकच उपाय दिसतो: प्रत्येक धड्याच्या शेवटी तोंडी परीक्षेत विचारतात असे दोन प्रश्न, आणि त्यांची उत्तरं साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत मोठ्याने म्हणायची. मुलांना ते सांगताना लाज वाटते, दार लावून म्हणावं लागतं. आज दार लावलं.

२३ नोव्हेंबर

ठरलं. पायथनचा कोर्स मी करणार नाही. त्या गर्दीत माझ्यामुळे कुणाचं काही नव्याने भलं होईल असं मला सापडलं नाही, आणि जिथे होईल असं सापडलं ती जागा रिकामी आहे.

करणार ते हे: बीसीएस-बीसीएच्या पहिल्या वर्षाच्या, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी सीचे पहिले सहा आठवडे. त्यापुढे नाही. पॉइंटर नाही, स्ट्रक्चर नाही, फाइल नाही. किंमत ठेवणे, विचारणे, छापणे, अट, लूप, आणि लाल ओळ वाचणे. लाल ओळ वाचणे हा शेवटचा धडा नसेल, पहिल्या दिवसापासून प्रत्येक धड्यात असेल. चालणारा प्रोग्राम द्यायचा, त्यातली एक गोष्ट मोडायची, काय म्हणतोय ते वाचायचं, दुरुस्त करायचा.

प्रत्येक प्रोग्राम दोन रूपांत, लॅबसाठी आणि मोबाईलसाठी, शेजारी शेजारी छापलेला, बदललेल्या ओळीखाली रेघ. पट्ट्यांची कोडी कातरून घ्यायच्या पानांवर. छापील वही, छपाईचा खर्च निघेल एवढीच किंमत, पीडीएफ फुकट. व्हिडिओ नाहीत. फक्त तक्ता भरताना हात कसा चालतो ते दाखवणाऱ्या दोन-दोन मिनिटांच्या चित्रफिती, त्याही वहीतल्या कोड्यांपुरत्या.

आणि रविवारची बैठक. हीच खरी गोष्ट आहे, वही तिच्यासाठी आहे. पहिल्या वर्षाच्या मुलाशेजारी बसायला दुसऱ्या वर्षाचा मुलगा पुरतो. माझीच गरज आहे असं नाही. दुसऱ्या वर्षाच्या चौघांना मी विचारलं, तिघे तयार आहेत. त्यांना एवढंच शिकवायचंय की कीबोर्ड ओढून घ्यायचा नाही. "थांब, मी करून देतो" हे वाक्य या खोलीत म्हणायचं नाही.

यातून पैसे मिळणार नाहीत. माझी नोकरी चालू आहे, सकाळचे दोन तास मार्चअखेरपर्यंत देऊ शकते, घरी तसं बोलून घेतलंय. पहिली फेरी जानेवारीत, एटीकेटी लागलेल्या आणि स्वतःहून येणाऱ्या मुलांबरोबर. ऑगस्ट २०२६ मध्ये नवी तुकडी येईल तेव्हा वही सुधारून तयार हवी. जानेवारीतल्या मुलांना सहा आठवड्यांनी न बघितलेल्या प्रोग्रामचा तक्ता स्वतः भरता आला नाही, तर ऑगस्टची छपाई करायची नाही.

सहकाऱ्याला रात्री फोन केला. नाराज झाला, लपवलं नाही त्याने. पायथनचा कोर्स तो दुसऱ्या कुणाबरोबर करणार आहे, करावा. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "त्या छोट्या चित्रफिती मी काढून देतो. एका रविवारी येतो कॅमेरा घेऊन. मुलांनाही बघेन."

१ डिसेंबर

धडा एक लिहून झाला. प्रोग्राम सरळव्याजाचाच घेतलाय, कारण तो सगळ्यांच्या जर्नलमध्ये असतो. पहिल्या पानावर दोन्ही रूपं, आणि खाली तीन लाल ओळी, जशा मोबाईलवर दिसतात तशाच्या तशा, मग प्रत्येकीचा मराठीत अर्थ. भाचीला पाठवला. तिने परत पाठवलेल्या फोटोत एका वाक्यावर पेनाने गोल केलाय: 'हेडर फाइल ही घोषणांची फाइल असते.' बाजूला लिहिलंय, "आत्या, हे नाही कळलं." वाक्य काढलं. तिथे आता असं आहे: 'या फाइलमध्ये प्रिंटएफ कसा वापरायचा याची माहिती आहे. ती वाचल्याशिवाय कंपायलरला प्रिंटएफ ओळखीचा नसतो.' हे कळलं म्हणाली.

धडा दोन, ए आणि बी चा. यात गणिताचं बरोबर आणि प्रोग्राममधलं बरोबर समोरासमोर ठेवायचंय. पाच-नऊच्या उदाहरणाआधी दोन सोपी उदाहरणं हवीत, थेट त्यावर उडी मारली तर पुन्हा नऊच येणार.

धडा तीनमध्ये तीस हजार अधिक दहा हजार. उणे २५,५३६ चा फोटो मला खऱ्या लॅबच्या निळ्या पडद्याचाच हवा, माझ्या लॅपटॉपवरच्या डॉसबॉक्सचा नको. मुलांनी बघताक्षणी ओळखला पाहिजे. सरांना विचारलं. परीक्षा संपल्या की लॅब रिकामी असते, गुरुवारी अकरानंतर या म्हणाले. त्याच वेळी त्यांना धडा एकची प्रिंट दाखवायची आहे आणि विचारायचंय, दोन्ही रूपं शेजारी छापलेली पानं मुलांनी जर्नलला लावली तर बाहेरच्या सरांना चालेल का.